जातीवरून किंवा वंशावरून अपमान: पोलिसांत गुन्हा की अनुसूचित जाती/जमाती आयोगाकडे तक्रार?

वंशद्वेषासाठी आपल्याकडे स्वतंत्र फौजदारी कायदा नाही. हाताशी आहे तो १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक (ॲट्रॉसिटी) कायदा, आणि तोही पीडित अनुसूचित जाती-जमातीचा व आरोपी त्याबाहेरचा असेल तरच लागतो. पुण्यात शिकणाऱ्या नागा विद्यार्थ्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नसली तरी त्याला हे संरक्षण मिळते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये तसे स्पष्ट केले. पण नुसते चेहऱ्यावरून चिडवले आणि जमातीचा संबंधच दाखवता आला नाही, तर खटला लंगडा पडतो.

शिक्षा हवी असेल किंवा धमक्या चालूच असतील, तर गुन्हाच नोंदवा. अपमानाला सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे आणि अटकपूर्व जामिनाला मनाई आहे (प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय अपवाद करते). 'आधी चौकशी करू, मग बघू' हे उत्तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडेच हवा. खालच्या अधिकाऱ्याने केला की बचाव पक्ष नेमके तिथेच बोट ठेवतो.

खरी मेख जबाबात असते. 'जातीवाचक शिवीगाळ केली' एवढ्यावर भागत नाही. शब्द जसाच्या तसा, जागा, वेळ, कोणी ऐकले, सगळे यायला हवे. याच कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) ला लोकांच्या नजरेसमोर घडलेला अपमान लागतो. घराच्या फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानावर पडेल अशी शिवी त्यात बसते. बंद खोलीतली बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. साक्षीदार फक्त घरचे किंवा मित्र असतील तर पुरत नाही. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, एफआयआरची प्रत मोफत घ्या. या दोन कलमांत पीडिताला एक लाखाचे अर्थसहाय्य आहे: २५ टक्के एफआयआरनंतर, ५० दोषारोपपत्रावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. मात्र एकदा गुन्हा नोंदला की खटला सरकारचा होतो, मनात आले म्हणून मागे घेता येत नाही.

अडलेली बढती, प्रवेश किंवा नोकरीतला छळ असेल तर राष्ट्रीय अनुसूचित जाती किंवा जमाती आयोग जास्त उपयोगी. वकील लागत नाही, आयोग अधिकाऱ्याला कागदपत्रांसह समोर बोलावू शकतो, आणि तेवढ्यानेही पुष्कळ फायली हलतात. पण त्याची शिफारस बंधनकारक नाही, आणि आयोगाला कुठल्या आदेशावर स्थगिती देण्याचा अधिकार नाही हे १९९६ पासून ठरलेले आहे. शिवाय न्यायालयात प्रलंबित बाब आयोग सहसा घेत नाही, म्हणून क्रम आधी ठरवा.

पोलीस ठाण्यात गुन्हा घेतलाच नाही, तर तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा. तिथेही दाद नाही मिळाली तर शपथपत्रासह न्यायालयात अर्ज. त्यासाठी टपालाची पावती जपून ठेवा.