गच्चीवरच्या सोलरला पाइप कोणता?

कोकणात सोलर वॉटर हीटरच्या गरम पाण्याच्या पाइपाची खरी परीक्षा घराला कुलूप असताना होते. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला जातात, ते मे महिन्यातच परततात. मधे एप्रिलभर नळ कुणी उघडत नाही आणि ऊन शोषणाऱ्या काचनळ्यांच्या टाकीत पाणी उकळीला येतं. आधी हे लक्षात घ्या, मग भाव विचारा.

आमच्या गुहागरच्या घरी पहिला पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा होता. बाहेरून खारी हवा, आतून जांभ्यातल्या विहिरीचं किंचित आम्लधर्मी पाणी. जस्त दोन्हीकडून झिजलं. चौथ्या पावसाळ्यात एल्बोच्या आट्यांपाशी गळू लागला. फोमचं आवरण सोलून पाहिलं तर आत तांबूस चिखल! पावसाचं पाणी फोमने धरून ठेवलं होतं. समुद्राजवळ जीआय मी कुणालाच सुचवणार नाही.

सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचं प्लास्टिक, गंजत नाही, गावातला प्लंबरही सहज जोडतो. पण 82 अंशांना त्याची दाब पेलण्याची ताकद थंड पाण्याच्या मानाने साधारण चौथाईच उरते. शिवाय 10 मीटरचा पाइप 40 अंशांनी तापला की अडीच सेंटिमीटर लांबतो, म्हणून क्लॅम्प आवळून बसवू नयेत आणि मधे वळण द्यावं. साधा पीपीआर (हेही प्लास्टिकच) तेवढ्यातच सहा सेंटिमीटर वाढतो. घ्यायचाच तर फायबरचा थर असलेला घ्या. त्याचा वेल्डिंगचा सांधा पक्का होतो, पण मशीनवाला जवळ हवा. दोन्ही उन्हात उघडे ठेवू नका.

तांब्याला उष्णतेचं भय नाही, भाव मात्र चढा. विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच) आधी तपासा. साडेसहाच्या खाली असेल तर तांबं झिजतं आणि न्हाणीत निळे-हिरवे डाग पडतात.

साधा पांढरा पीव्हीसी गरम लाइनला नकोच, तो मऊ पडतो.

आता आमच्याकडे टाकीपासून पहिले दोन मीटर 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील आहे, पुढे न्हाणीपर्यंत आवरण घातलेला सीपीव्हीसी. उकळतं पाणी आधी धातूत उतरतं, प्लास्टिकवरचा ताण हलका होतो. टाकीचा हवेचा पाइपही स्टीलचाच, तोंड कायम उघडं. तुमचं घर वर्षातून दहा महिने बंद राहणार असेल तर हीच जोडी घ्या, आणि निघताना काचनळ्यांवर जाड ताडपत्री घट्ट बांधून जा.