आयआरएमधून देणगी: पैसे आधी काढून, की परस्पर?

अमेरिकेत आयआरए (निवृत्तीसाठीच्या बचतीचे खाते) असलेल्या आणि साडेसत्तर वर्षे पूर्ण केलेल्या माणसापुढे देणगीचे दोन मार्ग असतात: पैसे स्वतःच्या बँक खात्यात काढून मग संस्थेला चेक लिहायचा, किंवा खाते सांभाळणाऱ्या कंपनीलाच संस्थेच्या नावे परस्पर चेक काढायला सांगायचे. मी दोन्ही करून पाहिले आहेत.

पहिला मार्ग सोयीचा आहे, हे आधी मान्य करतो. चेकबुक आपले, तारीख आपली, आणि पावतीवर नावही बिनचूक आपलेच. २०२३ मध्ये मी असेच बारा हजार डॉलर काढून दिले. घराचे कर्ज फिटलेले असल्यामुळे आमच्या साऱ्या वजावटी एकत्र करूनही स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा, म्हणजे सर्वांना सरसकट मिळणाऱ्या ठरावीक वजावटीपेक्षा, कमीच भरल्या आणि देणगीचा करात काही उपयोग झाला नाही. एवढ्यावरून मी मार्ग बदलला नसता. बदलला तो २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या एका पत्रामुळे. मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) प्रीमियम दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो; २०२५ साठी जोडप्याची मर्यादा २,१२,००० डॉलर होती आणि आम्ही ती जेमतेम अठराशे डॉलरनी ओलांडली होती. तिथे एक डॉलर वर गेला तरी पुढच्या टप्प्याचा पूर्ण दर लागतो. पार्ट बीसाठी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) दरमहा माणशी १८५ ऐवजी २५९ डॉलर, दोघांनाही, वर्षभर. जे पैसे माझ्या खात्यात आठवडाभरही टिकले नव्हते, ते माझे उत्पन्न म्हणून धरले गेले होते. हिने ते पत्र फ्रिजवर लावून ठेवले. अजून तिथेच आहे.

परस्पर दिलेली रक्कम करपात्र उत्पन्नात येत नाही, आणि ठरावीक वयानंतर आयआरएमधून दरवर्षी सक्तीने काढावी लागणारी रक्कम मात्र तिच्यातून वळती होते. कटकटी आहेतच. माझ्या कंपनीने चेक संस्थेच्या नावे काढून माझ्याच घरी पाठवला, त्यावर देणगीदार म्हणून माझे नाव नव्हते. सोबत चिठ्ठी जोडली नसती तर पावती कोणाच्या नावे फाडायची, हे संस्थेला कळले नसते. खात्यातून काढलेल्या रकमेचा जो १०९९-आर फॉर्म जानेवारीत आला त्यावर देणगीचा उल्लेख नव्हता, तो १०४० हे करविवरणपत्र भरताना आपणच करावा लागला. शिवाय संस्था अमेरिकेत नोंदलेली हवी, त्यामुळे गावाकडच्या शाळेला थेट चेक चालत नाही. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या इथल्या संस्थेमार्फत जावे लागते. देणगीच्या बदल्यात स्नेहभोजनाचे एक कूपन घेतले तरी सवलत हातची जाते.

ज्यांचे पैसे अजून ४०१-के मध्येच (नोकरीतल्या निवृत्ती खात्यातच) आहेत त्यांना हा मार्ग तूर्त बंद आहे, आणि ज्यांचे वय बसत नाही त्यांनी भाव वाढलेले शेअर देण्याचा विचार करावा. वर्षाला हजार-दोन हजारच द्यायचे असतील तर आपला साधा चेक पुरे, कारण २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्या जोडप्यालाही दोन हजार डॉलरपर्यंतच्या रोख देणगीची वजावट मिळते. त्याहून मोठी रक्कम असेल, तर माझ्या मते परस्पर चेकची कटकट सोसलेली बरी; प्रत्येकाचे गणित निराळे, हे अर्थात आहेच.

चेक संस्थेने वर्षाअखेरीच्या आत वटवावा म्हणून मी आता ऑक्टोबरातच अर्ज पाठवतो. हिच्या खात्यातली सक्तीची रक्कम माझ्या देणगीने भागत नाही, तेव्हा यंदा दोन अर्ज भरायचे आहेत.