सलग आराधना की उपासनाक्रमात ओवलेली गीतं? रविवार ठरवणाऱ्यांसाठी

चर्चच्या उपासना समितीवर कुणी नवीन आलं की पहिल्या दुसऱ्या बैठकीत हा प्रश्न निघतोच. सगळी गाणी सुरुवातीला अर्धा तास सलग घ्यायची आणि मग शास्त्रवाचन, संदेश, आशीर्वाद? की आवाहनापासून आशीर्वादापर्यंतच्या क्रमात एकेक गीत त्याच्या जागी ठेवायचं? नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत मी सहा वर्षं सलग पद्धत चालवली आणि गेली पाच वर्षं क्रमाची चालवतोय. दोन्हींनी मला पुष्कळ दिलं. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमच्या मंडळीची गोष्ट वेगळी असू शकते, हे लक्षात ठेवून वाचा.

सलग पद्धत म्हणजे नुसता देखावा, असं आमच्याकडचे काही ज्येष्ठ म्हणतात. मला ते पटत नाही. तिला शास्त्राचा आधार आहे. बायबलमधल्या स्तोत्र १०० मध्ये उपकारस्मरण करत द्वारांत आणि स्तवन करत अंगणांत प्रवेश करायला सांगितलंय. म्हणजे बाहेरून आत, पायरी पायरीने. कॅलिफोर्नियातल्या विनयार्ड मंडळ्यांनी १९७०-८० च्या दशकांत ही लांब, न तोडता गायची रीत रुजवली, पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तर ती आधीपासून होतीच, आणि गिटार-कीबोर्डच्या सोबतीने ती आपल्याकडेही आली. आठवडाभराची ओढाताण करून आलेला माणूस पहिल्या गाण्यात अजून घरच्या गॅसचा आणि दुकानाच्या उधारीचा विचार करत असतो. दुसऱ्यात जरा हलका होतो. तिसऱ्यात डोळे मिटतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, स्वतः अनुभवलंय. शनिवारच्या सरावामुळे आमची चार-पाच मुलं मंडळीत टिकली, हेही खरं. ज्या वयात मुलं चर्चच्या फाटकाबाहेर गाडीवर बसून राहतात, त्या वयात ती आत तारा जुळवत होती.

क्रमाच्या पद्धतीची मुळं मला यशयाच्या सहाव्या अध्यायात दिसतात. आधी 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे स्तवन. ते ऐकून स्वतःच्या अशुद्ध ओठांची जाणीव. मग वेदीवरचा निखारा आणि क्षमा. मग 'मी कोणाला पाठवू' हा प्रश्न, आणि त्याला माणसाचं उत्तर. स्तुती, पापांगीकार म्हणजे पापांची कबुली, क्षमा, वचन, पाठवणी. प्रत्येक वळणावर मंडळीला काहीतरी म्हणायचं असतं, आणि ते म्हणायला एक गीत. स्तुतीचं गीत पापांगीकाराच्या जागी चालत नाही. संदेशानंतरचं गीत तर त्या दिवशीच्या वचनाला दिलेलं उत्तर असतं, ते सुरुवातीला गाऊन ठेवता येत नाही.

आपल्या बाकांवर हा मतभेद नवा नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या. प्रार्थनापुस्तक हातात धरून वाढलेले अँग्लिकन आणि उत्स्फूर्त प्रार्थनेवर वाढलेले बाप्टिस्ट एकाच छपराखाली आले. त्यामुळे एका घराला छापील पापांगीकार कोरडा वाटतो आणि शेजारच्या घराला त्याच्याशिवाय उपासना झाल्यासारखीच वाटत नाही. वसईच्या कॅथलिक भावंडांपुढे हा पेच जवळजवळ येत नाही. मिस्साचा क्रम ठरलेलाच असतो, गायकवृंदाने त्यात गीतं बसवायची. मला कधीकधी त्यांचा हेवा वाटतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझा निर्णय कुठल्याही ईश्वरविज्ञानामुळे झाला नाही. तो झाला एका पट्टीमुळे.

एका रविवारी माझा घसा बसला होता, म्हणून पुढे उभा न राहता मी मागून दुसऱ्या बाकावर बसलो. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी माझीच उपासना तिथून ऐकत होतो. चार गाणी होती, चारही पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी 'सा' धरून, कारण गिटारवाल्याला ती सोपी. पहिलं गाणं धैवतापर्यंतच जाणारं, सगळे गायले. दुसरंही ठीक. तिसऱ्याचं ध्रुवपद तार गंधाराला भिडणारं. माझ्या शेजारी आमचे एक निवृत्त शिक्षक होते, आवाज भरदार. ते एकदा वर चढले, आवाज फाटला, मग खाली उतरून खर्जात पुटपुटले आणि दुसऱ्या कडव्याला ओठ मिटले. पुढच्या बाकावरच्या मावशींनी तर पदर सारखा केला आणि समोरच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी मान वळवून पाहिलं. मागच्या पाच बाकांवर दोन मुली सोडल्या तर कुणीही गात नव्हतं. स्पीकरमधून मात्र गाणं जोरात येत होतं, त्यामुळे पुढे उभं राहून मला इतकी वर्षं कधीच कळलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग पट्टी उतरवा. आम्ही उतरवली. पुढच्या रविवारी सगळं पांढरी एकमध्ये आणलं. तिसरं गाणं आता थोडंफार आवाक्यात आलं, पण पहिल्या गाण्याचं कडवं खालच्या पंचमावर उतरायचं आणि तिथे बायकांचा आवाजच लागेना. मग प्रत्येक गाण्याला त्याची पट्टी द्यायची ठरवलं. आता दोन गाण्यांमध्ये गिटारवाला पट्टी बदलायचा चिमटा, कॅपो, सरकवतोय, कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण शोधलं जातंय, आणि ती पोकळी भरायला गाणी चालवणारा पुढारी बोलतोय. तीन मिनिटं बोलतोय. सलगपणा गेला. कीबोर्ड वाजवणारा मुलगा सरावानंतर मला म्हणाला, "काका, एक तर पट्टी बदला, नाहीतर गाणी जोडा. दोन्ही एकदम नाही होत." तो चुकीचं बोलत नव्हता. गाणं एकातून दुसऱ्यात वाहायचं असेल तर ती एकाच पट्टीत किंवा शेजारच्या पट्टीत लागतात. म्हणजे गाण्याची निवड वचनावरून किंवा मंडळीच्या गळ्यावरून होत नाही, जोडणीवरून होते. कुशल वादक असतील तर यातून वाट निघते, हे मान्य. आमच्याकडे नव्हते. बहुतेक मराठी मंडळ्यांत नसतात, असा माझा अंदाज आहे.

क्रमाच्या पद्धतीत ही अडचण आपोआप नाहीशी होते. गीत संपलं की कुणीतरी उठून वाचनपीठाकडे चालत जातं, जुन्या करारातलं वचन वाचतं, परत येतं. तेवढ्या वेळात पेटीवाला पुढच्या गीताचा सूर शोधून ठेवतो. एक गीत काळी एकला, पुढचं काळी पाचला, कुणाच्या लक्षातही येत नाही. मधली शांतता चूक वाटत नाही, कारण ती कशाची तरी वाट पाहणारी शांतता असते.

बदल केल्यावर दुसरी एक गोष्ट कळली, जी मी शोधत नव्हतो. क्रमात ठेवायला लहान, एका विषयाची गीतं लागतात, आणि ती शोधता शोधता आम्ही 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक पुन्हा उघडलं. नारायण वामन टिळकांची भजनं त्यात किती आहेत आणि किती वेगवेगळ्या प्रसंगांची आहेत, हे मी नीट पाहिलंच नव्हतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या आधीच्या भाषांतरित गीतांत इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेले असायचे, आणि आपली भाषा ऱ्हस्व-दीर्घांची. चालीचा जोर नको त्या अक्षरावर पडतो, 'कृपा'तला 'कृ' लांबवावा लागतो आणि 'पा' तोडावा लागतो. तोंडाला सवय होते, कानाला होत नाही. टिळकांनी अभंगाचा, ओवीचा, भजनाचा साचा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं सांगणारा माणूस होता तो. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच उभं केलं होतं, त्यामुळे ऐकणाऱ्यांचे कान तयार होते.

भजनाचा मोठा गुण म्हणजे पुढच्याने ओळ म्हणायची आणि मंडळीने ती उचलायची. त्याला पडदा लागत नाही. पडद्यावर एक अडचण नेहमी यायची: आमचा गाणारा रंगला की ध्रुवपदावर परत येई, आणि लॅपटॉपवर बसलेली मुलगी पुढचं कडवं दाखवून मोकळी झालेली असे. अर्धी मंडळी ध्रुवपदावर, अर्धी कडव्यावर. भजनात मागे फिरणं हीच तर गंमत आहे. पुस्तक हातात असलं की ध्रुवपद, कडवी, सगळं एका पानावर डोळ्यांपुढे असतं. आणि पुस्तक घरी जातं. आजाऱ्याच्या उशाशी, कब्रस्तानात, संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला तेच गीत पुन्हा गायलं जातं. पडद्यावरचं गीत लॅपटॉपबरोबर बंद होतं.

आता क्रमाच्या विरुद्ध जे आहे तेही सांगतो, कारण ते कमी नाही. या पद्धतीला मेहनत जास्त आहे आणि ती रविवारी दिसत नाही. मंगळवारी त्या रविवारची वाचनं हातात हवीत. आम्ही तीन वर्षांच्या चक्राची वाचनं घेतो, एका वर्षी मत्तय, मग मार्क, मग लूक. मी त्या रविवारचे चारही उतारे वाचतो आणि स्वतःला एवढंच विचारतो: हा उतारा रडतोय, उपकार मानतोय, की कुणाला बाहेर पाठवतोय? संदेशानंतरचं गीत आधी ठरवतो, सुरुवातीचं सगळ्यात शेवटी. बुधवारी पाळकसाहेबांना फोन करतो. ते संदेशाचा रोख सांगतात, बऱ्याचदा माझं एक गीत बदलावं लागतं. तुमच्याकडे संदेशाचा विषय शनिवारी रात्री ठरत असेल, तर ही पद्धत घेऊ नका. गीतं आणि वचन एकमेकांशी बोलतच नसतील तर गाणी उगाच विखुरल्यासारखी होतात, आणि त्यापेक्षा सलग अर्धा तास कितीतरी बरा.

दुसरं, क्रम पाठ होतो. पापांगीकार म्हणताना लोकांची नजर घड्याळाकडे जाते, हे मी पाहिलंय. आम्ही त्याच्या आधी अर्धा मिनिट पूर्ण शांतता ठेवतो, पेटीही बंद. सुरुवातीला लोक खोकले, मुलं रडली. आता त्या अर्ध्या मिनिटात कुणी हालत नाही. पण हे आपोआप झालं नाही, वर्षभर लागलं.

तिसरं, तरुण. बदल केला तेव्हा दोन मुलं दुरावली आणि ती जखम मला अजून आहे. एक परत आला, मध्यस्थीच्या प्रार्थनेनंतर तो बासरीवर एकट्याने चाल वाजवतो. दुसरा नाही आला. तुमच्या मंडळीत बहुतेक लोक तिशीच्या आतले असतील, मराठीबरोबर हिंदी-इंग्रजीतही सहज गाणारे असतील, शहरात भाड्याच्या सभागृहात जमत असाल, तर मी तुम्हाला क्रमाची जबरदस्ती करणार नाही. फक्त चार गाण्यांपैकी एक तरी दुःखाचं ठेवा. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते मोजून पाहा. सलग पद्धतीत विलाप सगळ्यात आधी गळतो, कारण तो ठेक्यात बसत नाही, आणि त्या आठवड्यात ज्या घरी मयत झालेली असते त्यांना गायला काहीच उरत नाही.

आमच्यासारखी तीन पिढ्यांची, एका पेटीची, एका तबल्याची मंडळी असेल तर मात्र मला वाटतं क्रमाची पद्धत जास्त जपते. मधला मार्गही आहे. आवाहनानंतर दोन गीतं जोडून घ्या, म्हणजे उशिरा येणारेही स्थिरावतात, आणि बाकीची आपापल्या जागी. आम्ही मोठ्या सणांना तसंच करतो. नवं गीत महिन्याला एकच, आणि ते लागोपाठ तीन रविवार.

करून बघायचं असेल तर नाताळाआधीचा आगमनकाळ धरा. चारच रविवार असतात, लोक बदलाला तयार असतात. पहिल्या रविवारी चार गीतांच्या चार पट्ट्या पेटीवाल्याला कागदावर लिहून द्या, पुढे दुसऱ्या कुणाला तरी उभं करा, आणि तुम्ही मागून दुसऱ्या बाकावर बसून ऐका.