हनीवेल पीटीएम ७९५०: रात्रभर राबणाऱ्या लॅपटॉपसाठी, नागपूरच्या उन्हाळ्याआधी

मॉडेल ट्रेनिंग, ब्लेंडरचं रेंडर किंवा सिम्युलेशन तासन्‌तास चालवणाऱ्यांसाठी ग्राफिक्स चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधला थर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्या जागी साध्या थर्मल पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम ७९५० ही फेज-चेंज, म्हणजे तापल्यावर मऊ होणारी, शीट बसवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ती काय करते आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपवर धातूचं झाकण नसतं, हीटसिंक थेट उघड्या चिपवर टेकतो. चिप तापली की किंचित वाकते, निवली की सरळ होते. अशा प्रत्येक फेऱ्यात पातळ पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते आणि काही महिन्यांत मधला भाग उघडा पडू लागतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, यांतलं अंतर पाहा. १०-१५ अंश असेल तर ठीक, पूर्ण भारावर ते २० च्या वर राहत असेल तर संपर्क बिघडला आहे. काही नव्या ग्राफिक्स कार्डांवर हॉटस्पॉट दिसतच नाही, तिथे पंखे पूर्ण वेगात असूनही क्लॉक (चिपचा वेग) घसरतात का, यावरूनच ओळखावं लागतं.

पीटीएम ७९५० साध्या तापमानाला घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन बारीक खाचा भरते आणि जागेवरून सरकत नाही. तिची उष्णतावाहकता ८.५ वॅट प्रति मीटर-केल्विन. काही पेस्टच्या डबीवर याहून मोठा आकडा छापलेला असतो, पण थर किती पातळ बसतो आणि किती दिवस टिकतो यावरच खरा फरक पडतो.

बसवताना आधी चार्जर काढा आणि बॅटरीची पिन सोडवा. हीटसिंकच्या स्क्रूंवर आकडे असतात, उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करत जा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या थराऐवजी चंदेरी लिक्विड मेटल दिसलं, तर तिथेच थांबून जाणकाराकडे द्या: ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं. शीट झिपच्या पिशवीत घालून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मगच कापा. गार शीटवरचा प्लास्टिकचा पापुद्रा सहज सुटतो, उबदार शीट त्याच्यासोबत फाटते. तुकडा चिपच्या मापाचा हवा, किंचित मोठा चालेल, लहान चालणार नाही. एक पापुद्रा काढून शीट चिपवर दाबा, परत जरा गार होऊ द्या, मग दुसरा काढा. तो काढायचा विसरला तर लॅपटॉप मिनिटभरात तापतो. शेवटी स्क्रू आकड्यांच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

पहिल्याच दिवशी निकाल पाहून निराश होऊ नका. शीटला बसायला तापण्या-निवण्याचे काही फेरे लागतात. तुलना करताना खोलीचं तापमान आणि पंख्याचा वेग सारखा ठेवा, आणि वॅट, म्हणजे कार्ड किती वीज घेतंय, ते जरूर पाहा. आधी कार्ड ८७ अंशांवर अडून ७० वॅट घेत होतं आणि आता त्याच ८७ वर ९० घेतंय, तर आकडा हलला नाही तरी काम फत्ते झालंय.

दोन मर्यादा. ही शीट मेमरी चिपवर लावू नका. तिथली फट मोठी असते, ती भरायला जुन्याच जाडीचे पॅड किंवा थर्मल पुटी (उष्णता वाहणारा मऊ लगदा) लागते. आणि बाजारात नकली माल खूप आहे. एक बारीक तुकडा दोन नाण्यांमध्ये धरून ६०-७० अंशांपर्यंत तापवा आणि दाबा. अस्सल शीट चिकट होऊन पातळ पसरते, रबरासारखी जाड राहिली तर परत करा. नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात काम करून घ्यायचं असेल, तर शीट स्वतः तपासून न्या आणि हीटसिंक समोर उघडायला सांगा.

आता नागपूरबद्दल. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वॅट आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली जितके अंश तापेल जवळपास तितकेच अंश कार्डही वर जातं. कोणतीही शीट किंवा कूलिंग पॅड खोलीच्या हवेपेक्षा गार काही देऊ शकत नाही. मे महिन्यात कोरड्या हवेमुळे कूलर खोली छान उतरवतो, पण लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नका. ताट्यांमधून उडणारे तुषार क्षार घेऊन येतात, पंख्यामागच्या हीटसिंकच्या पात्यांवर धूळ आणि ओल मिळून थर बसतो. तो काढताना पंख्याला काडी लावून धरा, ब्लोअरने गरगर फिरू देऊ नका. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो.

म्हणून शीटच्या जोडीला उष्णता मुळातच कमी तयार व्हायला हवी. बऱ्याच लॅपटॉपवर पॉवर लिमिट बदलता येत नाही, पण एनव्हीडियाच्या कार्डांवर एनव्हीडिया-एसएमआय या कमांडने क्लॉक बांधता येतो, किंवा आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधल्या व्होल्टेजच्या कर्व्हमध्ये व्होल्टेज खाली आणता येतं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वरचे शेवटचे शे-दोनशे मेगाहर्ट्झ सोडून दिले तर वेग थोडाच जातो आणि उष्णता बरीच वाचते. सीपीयू आणि जीपीयूच्या उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या सामाईक असतील, तर विंडोजमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. सीपीयूचा टर्बो (जादा वेग) बंद होतो आणि कार्डाला श्वास मिळतो.

वॉरंटीतल्या मशीनसाठी आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. बाकीच्यांनी फेब्रुवारीतच हे काम उरकावं, म्हणजे एप्रिल लागेपर्यंत शीट पूर्ण बसलेली असेल.