चार गोष्टी, सात खुणा: मुलांचं खरं-खोटं जोखणारा संच

मुलाने मैदानातला कचरा कुणी न सांगता उचलला. बाईंनी विचारलं, “कोणी केलं रे हे?” तो म्हणाला, “मी नाही.” खोटंच बोलला; पण वाईट केलं का? मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि सहकाऱ्यांनी चीन आणि कॅनडातल्या ७, ९ आणि ११ वर्षांच्या मुलांसाठी वापरलेला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला गोष्टींचा संच याच पेचावर उभा आहे. घरी-शाळेत वापरायला इतकं सुटसुटीत साधन दुसरं क्वचितच सापडेल.

सामग्री किरकोळ. चांगलं काम आणि खोडी, दोन्हींत एकदा कबुली, एकदा नकार, असे चार प्रकार. उत्तराला सात खुणांची पट्टी: तीन चांदण्या म्हणजे फार फार चांगलं, तीन फुल्या म्हणजे फार फार वाईट, मधली खूण ‘धड ना चांगलं ना वाईट’. गोष्ट संपली की आधी ‘त्याने केलं ते कसं?’ आणि मग ‘तो बोलला ते कसं?’ असं वेगवेगळं विचारायचं. बिनसतं ते इथेच. पहिला प्रश्न गाळला की मूल कचरा उचलण्याला चांदण्या देतं आणि आपण त्या ‘मी नाही’च्या खात्यात मांडतो.

खोडीच्या गोष्टी बाळबोध वाटतात, पण त्या गाळू नयेत. तिथे दोन्हीकडच्या मुलांचं एकमत झालं: लपवणं वाईट, कबुली चांगली. फाटा फुटला तो चांगल्या कामापाशी. ‘मीच केलं’ हे कॅनडातल्या मुलांना जास्त पटलं. चिनी मुलं वयाने वाढतील तशी ‘मी नाही’कडे अधिक झुकली, कारण केलेलं मिरवू नये. खोडीची जोडी नसेल तर ‘त्यांच्यात खोटं चालतं’ असा भलताच अर्थ निघेल.

उणीव एकच, पण मोठी: पट्टीवर मत उमटतं, वागणूक नाही. खोट्याला तीन फुल्या देणारं मूल स्वतःवर वेळ आली की बिनदिक्कत थाप मारू शकतं. तेव्हा ‘आपलं मूल प्रामाणिक आहे का’ हे तपासायला हा संच घेऊ नये.

वापरताना चारही गोष्टी एकाच सुरात सांगाव्यात, क्रम दर मुलागणिक बदलावा आणि प्रत्येक खुणेनंतर ‘का?’ विचारावं. भुवई जरा उंचावली तरी मूल चांदणीवरचं बोट उचलून फुलीवर नेतं.