चोर बाजारातले जहाजी कंदील: घेण्याआधी जुन्या बंदर-नियमांनी तपासा

मुंबईत मटण स्ट्रीटवर, दारूखान्यातल्या भंगारवाल्यांकडे आणि तिकडे गुजरातेत अलंगच्या रस्त्यालगतच्या दुकानांत जुने जहाजी दिवे अजून मिळतात. शेजारीच मुरादाबाद-रुरकीकडच्या नव्या पितळी नकलाही मांडलेल्या असतात, आणि दोन्ही सारख्याच चकाकतात. चकाकी बघून घेतलेला कंदील बहुतेक वेळा फसवतो. हा दिवा शोभेसाठी नव्हे, नियम पाळण्यासाठी बनला होता. त्याचा व्यास, त्याचा कोन आणि काचेचा रंग कोणीतरी कायद्यात लिहून ठेवला होता, म्हणून परीक्षाही त्याच मापाने घ्यावी.

असे दिवे मुख्यतः तीन प्रकारचे: नांगर-दिवा, बाजूचे दिवे आणि डोलकाठीवरचा दिवा. त्यांत घेण्याजोगा सगळ्यात चांगला नांगर-दिवा, म्हणजे जहाज नांगरलेले असताना लावायचा. ब्रिटिश जहाजांसाठी 1863 मध्ये जे नियम आले, त्यांत नांगरलेल्या जहाजाने पांढरा दिवा लावायचा होता: आठ इंच व्यासाचा गोल कंदील, जहाजाच्या अंगापासून वीस फुटांपेक्षा उंच नाही, उजेड स्वच्छ, एकसारखा, कुठेही न तुटणारा आणि चहूकडून किमान एक मैलावरून दिसणारा. पुढे दीडशे फूट व त्याहून लांब जहाजांना दोन दिवे आले, एक नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, वर आणि दुसरा मागे, त्याहून निदान पंधरा फूट खाली. रात्री दोन्ही दिवे पाहून जहाजाचे तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे लांबूनच कळे.

‘न तुटणारा’ ही अट लक्षात ठेवा. काचेभोवती जाड उभ्या दांड्या असतील, तर भिंतीवर तेवढ्याच जाड काळ्या पट्ट्या पडतात. शोभेच्या नकलांमध्ये चार-चार दांड्या हमखास असतात, कारण त्या दिसायला भारदस्त. जुन्या चांगल्या कंदिलाची जाळी बारीक तारेची असते. अंधाऱ्या खोलीत दिवा मध्यभागी ठेवा आणि भिंतीवरून नजर फिरवा, दोन मिनिटांत निकाल लागतो. वरच्या कडीखेरीज खाली किंवा बाजूला दोरीच्या कड्या आहेत का तेही पाहा. त्या कंदील वाऱ्यात हेलकावू नये म्हणून असतात. नकलेत त्या नसतात, किंवा नुसत्या चिकटवलेल्या असतात.

आता आतली बाजू. पुष्कळ कंदिलांचा मूळ बर्नर कधीच गेलेला असतो आणि तिथे बाजारातला घरगुती बर्नर बसवलेला असतो. साध्या गोल काचेला तेवढ्याने फारसे बिघडत नाही. पण खाचांचे भिंग, म्हणजे उजेड एका आडव्या पट्ट्यात गोळा करणारी खाचा पाडलेली काच असेल, तर सगळेच बिघडते. ज्योत भिंगाच्या बरोबर मध्यरेषेत हवी. ती अर्धा इंच वर गेली की उजेडाचा पट्टा खाली झुकतो, आणि खाली गेली की आकाशाकडे जातो. दिव्यापासून दहा फुटांवर पांढरा पुठ्ठा उभा धरा. उजेडाचा आडवा पट्टा भिंगाच्या मध्याएवढ्याच उंचीवर पडला पाहिजे. नाही पडला, तर टाकीखाली पत्र्याची चकती घालून किंवा बैठक कापून उंची जुळवावी लागेल, आणि भाव करताना हा खर्च धरावा.

बाजूचे दिवे, म्हणजे डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा, जोडीने विकले जातात. दिशादर्शकाचे बत्तीस भाग, एक भाग 11.25 अंशांचा. बाजूचा दिवा दहा भागांत, म्हणजे 112.5 अंशांत दिसायला हवा: समोरून सुरू होऊन, जहाजाला काटकोनात जाणाऱ्या आडव्या रेषेच्या दोन भाग मागेपर्यंत. डोलकाठीवरच्या पांढऱ्याला वीस भाग. बाजूच्या दिव्याचा पल्ला दोन मैल, डोलकाठीच्या दिव्याचा पाच. कोनमापक आखलेल्या कागदावर दिवा ठेवून उजेडाच्या दोन्ही कडा मोजा. सरळ नव्वद अंश किंवा पुरता अर्धगोल निघाला, तर तो जहाजावर कधी लागलेला नाही. खऱ्या जोडीत डावा-उजवा देह बहुधा आरशातल्या प्रतिमेसारखा असतो, कारण एक कड नेमकी समोर तुटावी लागते. दोन्ही डबे अगदी एकसारखे आणि फक्त काच बदललेली, हे नकलेचे ठळक लक्षण.

काचेवर थोडे थांबा. कडेला टवका उडालेला असेल तर तिथे रंग बघा: आत पांढरे दिसले तर काच वरून रंगवलेली आहे, किंवा फार तर रंगाचा पातळ थर चढवलेला. जुनी हिरवी काच दिवसा निळसर दिसते आणि गिऱ्हाईक तिला बदललेली समजून सोडून देते. ती मुळातच तशी आहे. रॉकेलची ज्योत पिवळी, निळसर काचेतून ती हिरवी दिसते. तिच्यात थंड पांढरा एलईडी लावला की दिवा निळा होतो. विजेवर चालवायचाच असेल तर 2700 केल्व्हिनचा पिवळसर बल्ब घ्या. लाल गोल कंदील मिळाला, तर तो बाजूचा दिवा म्हणून घेऊ नका. चहूकडे दिसणारा लाल दिवा ताब्याबाहेर गेलेल्या किंवा धोकादायक माल नेणाऱ्या जहाजाचा.

दाराची खिट्टी घट्ट बसते का, तेही जोखायला हवे. 1908 च्या भारतीय बंदर कायद्यात बंदरातल्या जहाजावर उघड्या दिव्याच्या उजेडात स्पिरिट काढले, तर दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. डांबर-राळ उकळण्यावरही तेवढाच दंड. 2025 मध्ये नवा कायदा आला, पण धोक्याचे कारण बदललेले नाही. ढिल्या दाराचा कंदील सोडून द्या. सांध्यांवर रिव्हेट आणि दुमड असावी. चिमणीजवळ नुसता मऊ कथलाचा डाख असेल, तर तो दोनशे अंशांच्या आतच वितळतो आणि टोपी निखळते.

पेटवायची रीत अशी. टाकी पाऊण भरा. रॉकेलच वापरा, पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही, त्यांची वाफ साध्या तापमानालाच पेटते. नवी वात कोरडी करून सरळ कापा, दोन्ही कोपरे किंचित उडवा आणि अर्धा तास भिजू द्या. पहिली दहा मिनिटे ज्योत बारीक ठेवा म्हणजे काच तडकणार नाही. काजळी धरली तर वात उंच आहे, नाहीतर तळाची हवेची भोके धुळीने बुजलीत. वातच जळत असेल तर तेल कमी आहे, किंवा जुन्या तेलाने ती चिकटून बसली आहे. पेटता कंदील बंद खोलीत ठेवू नका.

पितळ चिंच-मिठाने घासायची सवय इथे आवरा. आंबट फार वेळ राहिले की पितळातले जस्त निघून गुलाबी डाग उरतात, आणि ‘पोर्ट’ (डावीकडचा), ‘अँकर’ (नांगर) अशी कोरलेली अक्षरे बोथट होतात, जी या वस्तूची खरी किंमत आहेत. भिंगाला राख मुळीच नको, कोमट साबणपाणी पुरे.

शेजारी ठेवलेली घंटा बहुतेकदा घेण्याजोगी नसते. जुन्या नियमानुसार धुक्यात नांगरलेल्या जहाजाने मिनिटाच्या आत पुन्हा पुन्हा, सुमारे पाच सेकंद घंटा झपाट्याने वाजवायची होती. हल्लीच्या नियमांत वीस मीटरच्या वरच्या जहाजाला 300 मिलिमीटर तोंडाची घंटा आणि तिच्या वजनाच्या निदान तीन टक्के वजनाची लोळी, म्हणजे आतला ठोका, लागते. दुकानातल्या सहा इंची घंटेला वाटाण्याएवढी लोळी टांगलेली असते. ती वाजते, पण धक्क्याच्या टोकापर्यंतही पोहोचणार नाही.