विकास अभ्यासातलं एम.ए. : पदवी हातात आल्यानंतरचे एकोणीस महिने

गेल्या मंगळवारी कागदपत्र पडताळणीच्या टेबलावरून मला परत पाठवलं, म्हणून त्याच रात्री लिहायला बसले. एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावरची जागा होती, विषय अर्थशास्त्र. माझं बी.ए. अर्थशास्त्राचं, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा नेटही अर्थशास्त्रातूनच उत्तीर्ण. एम.ए. मात्र विकास अभ्यासाचं, म्हणजे अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे विषय एकत्र घेऊन विकासाकडे पाहणारं. टेबलापलीकडच्या सरांनी एम.ए.ची गुणपत्रिका पुढून-मागून पाहिली, ‘विकास अभ्यास’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “हे कशात बसतं?” मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहूनही टाकलं : विषय जुळत नाही.

सत्रं किती, प्रबंध कधी, निवड कशी होते हे माहितीपत्रकात असतं, त्यात वेळ घालवत नाही. खर्चाचं मात्र सांगते. फी, खोलीभाडं, मेस आणि क्षेत्रकार्याचा प्रवास (तो आम्हीच करायचा, संस्था देत नाही) मिळून दोन वर्षांना 2 लाख 36 हजार लागले. त्यातले 80 हजार बाबांनी सोयाबीनच्या पैशातून दिले, बाकी शैक्षणिक कर्ज. महिन्याचा हप्ता 3,900, पगार 26 हजार, राहायला पुण्यात. तेव्हा ही पदवी मी रुपयांतच मोजणार.

सगळ्यात मोठा दोष एकच, आणि तो शिकवण्यात नाही. नावात आहे. नोकरीचा कुठलाही ऑनलाइन अर्ज उघडा. ‘पदव्युत्तर विषय’ म्हटलं की खाली यादी उघडते : अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल, मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. आमचा विषय नसतो. ‘इतर’ निवडलं की पुढच्या पानावर ‘अपात्र’ येतं. अर्थशास्त्र निवडलं की पडताळणीत अडकतं. एकोणीस महिन्यांत असे अकरा अर्ज भरले, त्यातल्या सात ठिकाणी याच रकान्याने अडवलं. प्रत्येक अर्जाचं शुल्क भरलेलं, ते परत मिळत नाही.

नेटची गंमत नाही, व्यथा सांगते. नेटच्या विषययादीत विकास अभ्यास स्वतंत्र नाही. तो कोड क्रमांक 01 मध्ये, म्हणजे अर्थशास्त्राच्या पोटात घातलाय. दुसरा पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा, आणि त्यात सूक्ष्म अर्थशास्त्र, गणिती अर्थशास्त्र, अर्थमिती, आंतरराष्ट्रीय व्यापार असे दहा घटक. आम्हाला वर्गात यातले जेमतेम तीन शिकवले. उरलेलं मी बी.ए.च्या जुन्या वह्या काढून, रात्री नोकरीवरून आल्यावर केलं. म्हणजे परीक्षा घेताना तुम्ही मला अर्थशास्त्राची समजता आणि जागा द्यायची वेळ आली की नाही समजत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमात तर ‘संबंधित किंवा संलग्न विषय’ असे शब्द आहेत. संलग्न काय, हे शेवटी त्या टेबलावरचा माणूस ठरवतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाचा एवढा आग्रह आहे, तो त्या टेबलापर्यंत पोचलेला नाही.

आणि असे अनेक विषय एकत्र शिकणं हे नवं खूळ आहे असंही नाही. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात 1915 साली एम.ए. केलं, तेव्हा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. 9 मे 1916 रोजी त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने! रागाच्या भरात मला मंगळवारी एसटीत हेच आठवत होतं.

त्या रात्री पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, “घरून पैसे आणून शिकणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.” ते वाक्य मी खोडलं. कारण पुढे क्षेत्रकार्याबद्दल लिहायला घेतलं आणि ते वाक्य मला खरं वाटेना.

तिसऱ्या सत्रात आम्ही सांगली जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या अड्ड्यावर गेलो होतो. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव रिकामं होताना लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे मला यात नवीन काय कळणार, असं वाटत होतं. प्रश्नावली मीच केली होती. पहिला प्रश्न : कुटुंबाला टनामागे मजुरी किती मिळते? आमच्या मार्गदर्शक मॅडम समाजशास्त्राच्या. त्यांनी ‘कुटुंबाला’ या शब्दाभोवती गोल केला आणि समासात लिहिलं : उचल (हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम) कुणाच्या हातात दिली?

कोपीसमोर (झोपडीसमोर) एक बाई वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. तिला तेच विचारलं. हात न थांबवता म्हणाली, “सासऱ्याच्या. मला आकडा ठाव न्हाई, ताई.” कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको नसेल तर नवऱ्याला अर्धा कोयता धरतात आणि उचल निम्म्यावर येते. तरी मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. मग खाड्याचं विचारलं. “पाळीत पोट दुखलं तरी फडात जावंच लागतंय. खाडा झाला की 500 कापतेत.” अड्ड्यावर संडास नाही, पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं, चोविसाव्या वर्षी गर्भाची पिशवी काढलेली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने 2019 साली समिती नेमली, तेव्हा मी कॉलेजात होते. पेपरात वाचलं आणि डॉक्टरांचा राग आला, तेवढंच. बी.ए.च्या जोरावर गेले असते तर खाडा म्हणजे मजुरीतली वजावट, एवढं मी मांडलं असतं. उचलीचं कर्ज, बालविवाह, नसलेला संडास, पाळी आणि तालुक्याच्या ठिकाणचा खाजगी दवाखाना हे एकाच बाईच्या अंगावर कसं येऊन पडतं, ते मला या एम.ए.ने दाखवलं. ती आमच्या शेजारच्या गावची निघाली. इतकी वर्षं मी त्या रस्त्याने शाळेत जात होते.

आता ज्या संस्थेत काम करते, तिथे मला घेतलं ते या क्षेत्रकार्यावरच्या माझ्या प्रबंधावर. मुलाखतीत विषय कोणता हे कुणी विचारलंच नाही, प्रश्नावली दाखवा म्हणाले. मागच्या महिन्यात आमच्या सर्वेक्षणाच्या अर्जातून ‘कुटुंबप्रमुख’ हा रकाना काढून ‘पैसे कोण मोजून घेतं’ हा प्रश्न घालायला मी सगळ्यांना राजी केलं. पहिल्याच गावात उत्तरं वेगळी आली.

संख्याशास्त्र मात्र फार तोकडं शिकवलं. ते बाहेरून शिकावंच लागेल, त्याचा खर्च वेगळा धरा.

हे लिहून पाच दिवस ठेवून दिलं होतं, तेवढ्यात थोडा बदल झालाय. एम.ए. केलं त्या संस्थेच्या परीक्षा विभागाला, माझ्या पदवीत अर्थशास्त्र किती याचं पत्र मागायला, मी आधी तीन ईमेल केले होते, उत्तर नव्हतं. शुक्रवारी फोन केला तर तिथल्या एका काकांनी उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळा, ईमेलच्या नादी लागू नकोस, साधा अर्ज टाक.” शनिवारी संध्याकाळी पत्र हातात होतं : एकूण 80 श्रेयांकांपैकी (क्रेडिटपैकी) 34 अर्थशास्त्राचे, पेपरांच्या नावांसकट, सही-शिक्क्यानिशी. शुल्क 200 रुपये. हे पत्र पदवीसोबतच सगळ्यांना का देत नाहीत, हा माझा खरा प्रश्न आहे. सात अर्जांचे पैसे वाचले असते.

मामेबहीण यंदा प्रवेश परीक्षा देतेय, ती विचारत होती. प्राध्यापकीच करायची असेल तर सरळ एका विषयात कर, असं तिला सांगितलं. गावात, संस्थेत, लोकांमध्ये काम करायचं असेल तर हेच कर, पण निकालाच्या दिवशी ते पत्र घेतल्याशिवाय वसतिगृह सोडू नकोस. काकांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे, जेवणाच्या सुट्टीआधी जा.

माझी पुढची पडताळणी 14 तारखेला आहे. पत्राच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात.